इस्त्री आणि चौऱ्याण्णव टक्के

मनाकीश रोट्यांच्या दुकानापुढच्या रांगेत हनीनच्या हातातलं खोकं पुढच्या तरुणाच्या पाठीत घुसलं. तो वळला. खोक्यावरचं कॉम्प्युटरचं चित्र त्याने शांतपणे न्याहाळलं.

"जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं या नव्यात कोण आणून देणार?"

"आहे कोणीतरी," हनीनने ठोकून दिलं.

"नव्हतं. आता आहे. मी वाएल. हेच काम करतो… धक्के खाणं हा जोडधंदा."

तेव्हापासून वाएल रोज दुपारी येऊ लागला. सगळ्या बैरूतसारखीच हनीनकडेही सरकारी वीज पाहुण्यासारखी यायची. एरवी कोपऱ्यावरच्या जनरेटरवाल्याचे पाच अँपिअर. त्यात दिवे, फ्रिज आणि दोन कॉम्प्युटर कसेबसे तग धरायचे. कुणी इस्त्री लावली की मेन स्विच पडायचा, आणि वाएलचं काम पुन्हा पहिल्यापासून.

'कुणी' म्हणजे हनीन. काम संपलं की तो जाणार, आणि कॉफीच्या कपावरून तिच्याकडे बघणारे ते मिश्कील डोळेही जाणार… म्हणून. तिच्या बाबांचे मोजेसुद्धा हल्ली कडक इस्त्रीचे असत.

एका दुपारी स्क्रीनवरचा कॉपीचा आकडा चौऱ्याण्णव टक्क्यांवर गेला. हनीन आत धावली. इस्त्री लावली… काही नाही. गिझर लावला. केस वाळवायचा ड्रायर लावला. दिवा तरीही हसतोच आहे!

तेवढ्यात इमारतभर आरोळी उठली, "सरकारी वीज आली!" शेजारणी कपडे धुवायला पळाल्या. सरकारने जन्मात पहिल्यांदा वेळेवर काम केलं होतं, तेही हनीनच्या मुळावर.

"झालं," बाहेरून वाएल म्हणाला. कुणी गेल्याची बातमी द्यावी तसा.

हनीन इस्त्रीसकट बाहेर आली. "वाएल… रोजची वीज मी घालवत होते."

"माहितेय. बाबांचे मोजे पाहिलेत मी."

"मग बोलला का नाहीस?"

"डिस्कवर घेतलं असतं तर पहिल्याच दुपारी संपलं असतं. दोन कॉम्प्युटर जोडायला मी सगळ्यात मंद वायर आणली — शहरभर हिंडून."

त्याने ती वायर गुंडाळली. मग तो म्हणाला, "उद्या आईला घेऊन येऊ?"

"त्यांना कॉम्प्युटर येतो?"

"कॉफी येते प्यायला. मुलीच्या घरी जाऊन."

हनीनचे कान तापले. "लिफ्ट बंद असेल. सहावा मजला…"

"चढेल. पण आधीच सांगतो, सहा मजले चढून आलेली माझी आई नकार घेऊन उतरणार नाही."

हनीनने मान खाली घातली.

"साखर किती घेतात त्या?"