वास न येणारं घर

अन्विताचा म्हातारा कुत्रा गुंड्या जेवत नव्हता. वाडग्याशी जायचा, हुंगायचा, घास उचलायचा आणि तोच जमिनीवर टाकून मान फिरवायचा. भूक तर दिसत होती, मग अन्नावर रुसवा कशाला? अन्विताला काही उमगेना.

मालवणच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्रतळावरच्या वस्तीत ती आजोबांबरोबर राहायची. बंद वस्तीत कोंदट वाटू नये म्हणून आजोबांनी गंधगाळणी (हवेतले वासाचे कण शोषून घेणारं यंत्र) बनवली होती. घरात बांगडा तळला तरी शेजाऱ्याला पत्ता लागत नसे आणि आजोबांना त्याचा कोण अभिमान!

किनाऱ्यावरच्या पशुवैद्य डॉक्टर लोबोंनी पडद्यावरून विचारलं, कुत्र्याच्या तोंडाला घाण वास येतो का? दोघांनी छातीठोकपणे नाही म्हणून सांगितलं. मग म्हातारपणच असेल, असं म्हणून आजोबांनी विषय मिटवला. अन्विता लाडाने दुधात कुस्करलेली पोळी भरवू लागली. ती चावावी लागत नसल्याने गुंड्या थोडीफार गिळायचा, पण खंगतच गेला. एके सकाळी त्याला उभंही राहवेना, तेव्हा अन्विता हट्टाला पेटली आणि तिघं पाणबुडीत बसली.

पाणबुडीत गाळणी नव्हती. गुंड्याने तिच्या मांडीवर जांभई दिली आणि तिने नाक दाबलं. सडक्या मासळीसारखा वास होता तो. तिने आजोबांकडे पाहिलं. तेही वाकून गुंड्याचं तोंड हुंगत होते.

डॉक्टरांनी गुंड्याचा ओठ वर केला. दातांवर तपकिरी कवच, हिरड्या लालभडक. त्यांनी अन्विताला जवळ बोलावून सगळं समजावलं. जेवल्यावर दातांवर जंतू जमतात आणि एकमेकांना धरून बसतात, तेच जैवपटल (जंतूंचा चिकट थर). रोज घासलं तर ते निघतं. राहिलं, तर लाळेतले क्षार बसून त्याचं दंतकीटण (दातावरचा दगडासारखा थर) होतं आणि मग ते घासून जात नाही. त्याच्या आडून जंतू हिरडीखाली शिरतात, दात धरून ठेवणारं हाड पोखरतात. रक्तात उतरले, तर हृदयालाही त्रास होऊ शकतो.

गुंड्याचं हृदय थकलं होतं. कीटण काढायचं, सडलेले दात उपटायचे, तर भूल द्यावी लागणार होती, आणि ती त्याला सोसेलच असं डॉक्टर सांगू शकत नव्हत्या.

"नाही दिली तर?" अन्विताने विचारलं.

"तर तो दुखत दुखत उपाशी राहील, बाळा."

तिने मान हलवून होकार दिला.

बाहेरच्या बाकावर आजोबा तिच्याशेजारी बसले. "वास म्हणजे शरीराने मारलेली हाक असते, अन्वी," ते म्हणाले. "मी ती हाकच बंद केली, आणि वर मिरवत राहिलो."

तिला त्यांचा राग आला होता. तरीही तिने त्यांचा हात धरला.

गुंड्या शुद्धीवर आला. दाढा बऱ्याच गेल्या होत्या, पण तो होता. घरी येताच आजोबांनी गाळणी बंद केली आणि नव्या यंत्राचा आराखडा मांडला. हे यंत्र वास पुसण्याआधी तो कशाचा आहे ते सांगणार होतं. उद्या अशा वस्त्या चंद्रावरही होतील, तिथेही प्राणी असतील, असं ते म्हणाले.

हिरड्या भरून आल्यावर एका संध्याकाळी अन्विताने बोटावर मऊ ब्रश चढवला आणि कुत्र्यांसाठीची पेस्ट घेतली. माणसांची पेस्ट गिळली तर कुत्र्यांना अपाय होतो. बोट ओठाशी येताच गुंड्याने डोळे घट्ट मिटले. दुखणार, असंच त्याला वाटलं असावं. तिला रडू आलं. ती बोट तसंच ठेवून बसून राहिली. बऱ्याच वेळाने गुंड्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःहून ओठ सैल सोडला.