शिरमर्डी चालू

निपाणीच्या टेलिफोन कचेरीत भिंतीवर एक काळी पाटी होती आणि तिच्यावर गावांची नावं होती. रोज सकाळी नऊला शेजारची कुरणवाडी कचेरी पुकारा करायची आणि आपल्यामार्फत कोणती गावं लागतात ती वाचून दाखवायची; मग निपाणी आपली यादी वाचायची. ज्या गावाचं नाव आलं नाही, ते ओल्या फडक्यानं पुसायचं. तार बघायला कुणी जात नसे. शेजाऱ्यानं म्हटलं रस्ता आहे, की आहे. आणखी एक नियम होता: ज्यानं जे गाव सांगितलं, ते त्यालाच उलट वाचून दाखवायचं नाही. का, ते कुणी कधी विचारलं नव्हतं.

कृष्णात तिथला टेक्निशियन. मीटरचा काटा हलल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, असा त्याचा खाक्या. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की "अर्थिंग तपासा आधी" म्हणून तो उठून जायचा. पण १९७८ च्या त्या मे महिन्यात या गड्याच्या जिवात जीव नव्हता. बायको जयाबाई माहेरी, शिरमर्डीला, दिवस भरत आलेले. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पाय सुजले तर तासाच्या आत जीप घालून आणा." म्हणून तंबाखूच्या वखारीतली एक जीप त्यानं सांगून ठेवली होती, आणि रोज नऊचा पुकारा झाला की तो शिरमर्डीच्या पोस्टात फोन लावून जयाबाईला एकच विचारायचा. निपाणीहून कुरणवाडी सात मैल, तिथून शिरमर्डी पाच. कुरणवाडीला तारांच्या दोन जोड्या होत्या, पुढे शिरमर्डीला एकच.

मंगळवारी संध्याकाळी वळवाचं वादळ झालं. बुधवारी कुरणवाडीच्या सत्याप्पानं नावं वाचली, त्यात शिरमर्डी नव्हतं.

बोर्डावर बसणाऱ्या अक्काताईंनी फडकं भिजवलं. कृष्णातनं त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ दे आक्का. अवघडलेली बाई हाय तिथं. तिच्या गावाचं नाव कशाला पुसतासा?"

"नेम हाय बाबा."

"इसरला आसंल त्यो. नवा हाय."

आणि सत्याप्पाला आठवण व्हावी म्हणून आपली यादी वाचताना शेवटी त्यानं स्वतःच म्हटलं, "शिरमर्डी चालू." पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग सत्याप्पा म्हणाला, "व्हय अण्णा. शिरमर्डी चालू."

कृष्णातला बरं वाटलं. मीटर लावून बघायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

त्यानं फोन लावला. घंटा नेहमीपेक्षा जास्त वाजली. मग जयाबाईचा आवाज आला, अगदी स्वच्छ. पोस्टातल्या शिक्क्यांची ठकठक नाही, कोंबड्या नाहीत.

"पाय सुजलेत का गं?"

"न्हाय. बरी हाय. तुमी येऊ नगासा."

गुरुवारीही तेच. फक्त शेवटी ती म्हणाली, "हिकडं लई गार पडलंय वो." निपाणीत पत्रे तापून तडतडत होते. वादळानं हवा फिरली असेल, असं कृष्णातनं मनाशी म्हटलं, आणि अर्धा तास बोलत बसला. जीप वखारीत उभीच राहिली.

शुक्रवारी तिचा आवाज इतका बारीक होता, की त्याला कान दाबून धरावा लागला.

"सूज?"

"आता समदी उतरली. हलकं वाटतंय." मग ती म्हणाली, "हळू बोला. बाळ निजलंय."

कृष्णात रडला. बोर्डासमोर, बाप्या माणूस, ढसाढसा रडला. अक्काताईंनी शिपायाला पेढे आणायला पिटाळलं. डोळे पुसता पुसता त्यांचं लक्ष बोर्डावरच्या, पुकारा आला की पडणाऱ्या झडपांकडं गेलं आणि त्या म्हणाल्या, "ती दोन नंबरची झडप तेवढी नीट कर बघू. तू शिरमर्डी लावलीस की कुरणवाडीच्या दुसऱ्या तारेची झडप पडत्या. तीन दिस मी बोटानं वर सारतोय."

कृष्णात बोर्डावर वाकला.

एक नंबरच्या तारेवरून त्याचा फोन गेला होता. दोन नंबरवरून कुरणवाडी निपाणीलाच बोलवत होती. त्यानं हेडफोनची दुसरी दोरी घेतली, दोन नंबरमध्ये खुपसली आणि दुसऱ्या कानानं ऐकलं.

त्याला स्वतःचाच श्वास ऐकू आला.

"सत्याप्पा," तो मोठ्यानं म्हणाला, "शिरमर्डी कुठनं जोडतोस तू?"

"तुमच्याकडनं की अण्णा," सत्याप्पा मध्येच तारेवर आला. "माझी शिरमर्डीची तार मंगळवारीच पडल्या. पाच खांब आडवं झाल्यात. खरं तुमीच चालू म्हणलासा. मला वाटलं, निपाणीसनं दुसरी तार वडली आसंल. म्हणून एक नंबरवरनं आलं की दोन नंबरवरनं तुमच्याकडंच पाठवतोय."

म्हणजे गेलेला फोन फिरून याच बोर्डावर येत होता. इथं तो कुणी घेतला नव्हता.

"आणि अण्णा," सत्याप्पा चाचरत म्हणाला, "काल शिरमर्डीचा एक माणूस आलता पळत. निपाणीसनं जीप मागवायची म्हणत हुता. दोन्ही तारा गुतल्याल्या. अर्धा तास बसला, मग बैलगाडी बघतो म्हणून गेला. नाव न्हाय सांगितलं त्यानं."

कृष्णातनं दोन्ही दोऱ्या उपसल्या.

त्याच वेळी दारात परशराम उभा राहिला. जयाबाईचा भाऊ. पायात चपला नव्हत्या, तंबाखूच्या ट्रकमधून आल्यामुळे अंगभर पिवळी धूळ. त्याला काही सांगायची गरज नव्हती, पण तो सांगत राहिला.

"पाय सुजलं बुधवारी. गुरवारी दिवस मावळताना गेली. बाळबी गेलं. तिच्या कुशीतच ठेवलंय. तुमची वाट बघतोय समदी. कुरणवाडीला फोन लावाय गेलतो वो मी, भाऊजी. लागलाच न्हाय. कुणाचं एवढं बोलणं चाललं हुतं?"

कृष्णात खाली बसला. त्याला उत्तर माहीत होतं.

अक्काताई उठल्या. फडकं भिजवून त्यांनी पाटीवरचं शिरमर्डी पुसलं, दोनदा. मग बोर्डावर पडलेला कृष्णातचा हेडफोन जागेवर ठेवायला उचलला. त्याची एकही दोरी कशात नव्हती.

त्यांनी तो जरा कानाशी नेला.

परशराम अजून मोठमोठ्यानं बोलत होता. अक्काताईंनी हेडफोन आवाज न करता टेबलावर ठेवला, आणि ओठांवर बोट ठेवून त्याला हळू बोलायची खूण केली.