पिवळ्या मुठीचा पेचकस

पांढुर्ण्याहून सौंसरकडे निघालं की डाव्या हाताला टिनाच्या शेडखाली मुकुंदभाऊंचं गॅरेज लागतं. तिथं कशालाही हात लावा, पाने घ्या, जॅक घ्या, मुकुंदभाऊ काही म्हणत नसत. फक्त एका वस्तूला नाही. हातभर लांब, पिवळ्या मुठीचा एक पेचकस होता. त्यानं ते स्क्रू कमी पिळायचे आणि ऐकायचे जास्त. टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतली बारीकशी खडखडसुद्धा अशी ऐकू येते की कुणी कानात बोलून राहिलं असं वाटतं.

तेजस्विनी ही त्यांची एकुलती एक पोरगी, यंदा अकरावी पास झालेली. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात तिनं काचेचा कार्बोरेटर करून जिल्ह्यात पहिला नंबर काढला होता, आणि तेव्हापासून ती जरा जास्तच ताठ चालायची. का नाही चालणार? पण तो पेचकस ती चार वर्षांपासून मागत होती आणि चार वर्षांपासून एकच उत्तर मिळत होतं, अजून तुझा कान तयार नाही झाला, पोरी.

मे महिन्यात सौंसरची गायत्री सुट्टीला आली. प्रतिभा आत्याची ही पोरगी तेजस्विनीपेक्षा वर्षानं लहान. अंगाला नेहमी संत्र्याच्या सालीचा वास, बोलणं कमी, हसणं जास्त. तिसऱ्याच दिवशी एका ट्रॅक्टरजवळून जाता जाता ती सहज बोलली, "मामा, याच्यात दुसऱ्या नंबरला काहीतरी ढिलं आहे." उघडून पाहिलं तर खरंच होतं. चौथ्या दिवशी पिवळा पेचकस तिच्या हातात होता आणि मुकुंदभाऊंच्या शेजारचं स्टूलही तिचं झालं होतं.

तेजस्विनी हसली. शेडमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनंही वाजवल्या. मात्र रात्री गादीवर पडल्यावर तिला आठवलं की त्या स्टुलावरचा ऑइलचा डाग तिच्याच हातून सांडलेला होता, ती सहा वर्षांची असताना.

त्या दिवसांत शेडमध्ये बोरगावच्या पुंडलिकरावांची जीप उभी होती. डिझेल इंजिन पार निकामी झालं होतं, म्हणून भंगारातल्या एका मोटारीचं कार्बोरेटरवालं पेट्रोल इंजिन तिच्यात टाकायचं ठरलं. बगीच्यातल्या बगीच्यात संत्र्याचे क्रेट ओढायला तेवढं पुष्कळ. इंजिन बसलं, गिअरही जुळले, आणि गाडी अडली पेट्रोलच्या पंपावर. मोटारीचा मूळ पंप इंजिनाच्या कुशीत बोल्टनं बसवलेला होता. इंजिन फिरलं की आतली दांडी हलते, रबरी पडदा खालीवर होतो आणि टाकीतलं पेट्रोल ओढलं जातं. पडदा फाटला होता, आणि जीपच्या चौकटीत तो पंप येत होता नेमका सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपाशेजारी.

तेजस्विनीनं वहीत चित्र काढून आणलं. तिचं म्हणणं होतं, विजेचा पंप लावा, मागे टाकीजवळ, थंड जागी. इथल्या उन्हात पाइपाशेजारच्या नळीत पेट्रोलची वाफ होईल आणि गाडी बोरगावच्या चढावर बंद पडेल. पण नव्या गाड्यांमधला जोराचा पंप नको. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची एक वाटी असते, तिला तीन पाउंडाचा दाब पुरतो; जास्त झाला तर वाटी ओसंडते. हलक्या दाबाचा पाहिजे. वाटी रिकामी असेल तोवर तो भराभरा टकटक करतो, भरत आली की सावकाश करतो आणि भरली की चूप.

मुकुंदभाऊंनी वही पाहिली, मान डोलावली आणि मग स्टुलाकडे वळले. "तुले काय वाटते, बाई?"

गायत्रीनं इंजिनावर हात ठेवला. "याचा जुनाच दुरुस्त करा न, मामा. याले बाहेरचा नाही रुचणार."

"म्हंजे काय?" तेजस्विनी म्हणाली. "इंजिन सांगून राहिलं का तुले?"

"सांगत नाही, ताई. ऐकू येते."

मुकुंदभाऊ हसले. त्यांनी तोड काढली. जुन्याचा पडदा नागपूरहून येईलच. तोवर तेजूनं आपला पंप आणावा. ज्याच्यावर गाडी नीट चालेल तो राहील, आणि ज्या पोरीचा पंप राहील तिनं पुंडलिकरावांसमोर पहिली चाबी मारायची. पेचकसाचंही मग पाहू.

विजेचा पंप तिला सौंसरमध्ये सुखदेव भंगारवाल्याच्या ढिगात सापडला. पितळी, मुठीएवढा, वर नाव नाही की नंबर नाही. सुखदेवनं तो कशाचा होता ते आठवून पाहिलं, नाही आठवलं. चालू आहे एवढं सांगून त्यानं तो कपड्यात बांधून दिला. तेजस्विनीनं घासून लख्ख केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती टेबलावर त्याच्या तारा सोलत बसली होती. बॅटरी दूर, भिंतीपाशी. मागे मुकुंदभाऊ कुणा गिऱ्हाइकाला सांगत होते, "माझ्यामागं या घरात कान असेल तर हिचा, या गायत्रीचा."

तेजस्विनीनं तार जास्तच सोलली.

टक.

हातातला पंप एकदाच हलला. तिनं तारांकडे पाहिलं. दोन्ही तारा तिच्या बोटांत होत्या, मोकळ्या. ओल्या हाताची काही वीज असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. त्या दिवशी जेवताना गायत्रीनं तेजस्विनीच्या आईला दोनदा विचारलं, काय म्हणालात मामी?

पंप मागे टाकीच्या जागेजवळ बसला, तारा अजून जोडल्या नव्हत्या. टाकी अजून धुऊन वाळत होती, म्हणून ओढणारी नळी तशीच उघडी लोंबत राहिली. मुकुंदभाऊंनी गायत्रीला चहा आधी दिला की मागून टक. तिच्या डोक्यावर हात ठेवला की टक, टक. तेजस्विनी खाली वाकली आणि नळीच्या तोंडाला बोट लावलं. बोट ओढलं गेलं. नळीतून पेट्रोलचा नाही, संत्र्याच्या सालीचा वास येत होता.

तिनं बोट फडक्याला पुसलं आणि नळी तशीच लोंबती सोडली.

शुक्रवारी गायत्रीनं पेचकस एका चालू गाडीवर टेकवला आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग कान बदलला. मग पुन्हा बदलला.

"मामा," ती म्हणाली, गरजेपेक्षा मोठ्यानं, "मले काहीच ऐकू येऊन नाही राहिलं."

तेजस्विनी चार हात लांब होती. तिच्या हातात पेचकस नव्हता. तरी तिला त्या गाडीतलं तिसरा व्हॉल्व्ह घासताना ऐकू आला, इतका साफ की तिनं तिथूनच सांगून टाकलं. मुकुंदभाऊंनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जिची तिनं चार वर्षं वाट पाहिली होती.

शनिवारी आत्या येऊन गायत्रीला घेऊन गेली. कानात मळ असेल, म्हणाली. जामसांवलीच्या देवळात नारळ फोडून जातो, मग डॉक्टरला दाखवतो.

सोमवारी टाकी आणि तारा जोडल्या. पुंडलिकराव आले. नागपूरचा पडदाही आला होता. मुकुंदभाऊंनी जुना पंप दुरुस्त करून फळीवर ठेवला होता. तेजस्विनीनं चाबी फिरवली. मागं टकटक झाली, सावकाश झाली, थांबली. इंजिन पहिल्याच फेऱ्यात सुरू झालं. गाडी बोरगावचा चढ चढून, उतरून, भर उन्हात परत आली. पुंडलिकराव म्हणाले, पोरीनं बापाला मागे टाकलं.

मुकुंदभाऊंनी दोन्ही हातांनी पिवळा पेचकस पुढे केला.

"घे. तुझा."

पुंडलिकराव चहा प्यायला आत गेले. तेजस्विनीनं गाडी बंद केली, चाबी काढून मुठीत धरली.

मागे टकटक चालू होती.

तिनं पेचकसाचं टोक पितळेवर टेकवलं. मूठ कानाला लावली.

कुकरची शिट्टी. पंख्याची कुरकुर. सौंसरच्या घरातला तो पंखा तिला पाठ होता.

"गायत्री," आत्याचा आवाज.

टक.

"अवं गायत्री, इकडं पाह्य न."

टक. टक.

मग अगदी जवळ कुणीतरी ताटलीवर चमचा आपटला. तेजस्विनी दचकली. तिकडं दुसरं कुणी दचकल्याचा आवाज आला नाही.

"काय ऐकू येऊन राहिलं?" मुकुंदभाऊ शेजारी उभे होते. त्यांना टकटक ऐकू येत नव्हती, ते दिसतच होतं. फळीवरच्या जुन्या पंपाकडे त्यांनी मान केली. "शंका असेल तर हा काढून तो लावून देतो. तासाभराचं काम आहे."

तेजस्विनीनं फळीकडे पाहिलं. मग स्टुलाकडे. ते रिकामं होतं, डाग तिच्याच बाजूला.

"काही नाही, बाबा," ती म्हणाली. "हा बरोबर आहे. राहू द्या."

ती स्टुलावर बसली. मूठ कानावरून काढली नाही. टकटक सावकाश होत गेली आणि वाटी भरल्यावर थांबते तशी थांबली.

तिकडं आत्या रडायला लागली होती, पदर तोंडाशी धरून, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून. तेजस्विनीला एकेक हुंदका साफ येत होता.