बिटाचे जंतू

शाळेच्या अंगणातल्या अर्धवट वितळलेल्या बर्फावरून मारिटचा पाय सरकला, ती धपकन खाली बसली, आणि तिच्या हातातल्या बरणीतली सगळी चमकी त्या पांढऱ्या बर्फावर सांडली. समोरून एक उंच माणूस धावत आला. हात द्यायला येतोय असं वाटून तिनं आपला हात पुढे केलासुद्धा. पण तो तिच्या शेजारी गुडघे टेकून बसला आणि... चमकी वेचायला लागला!

"अहो, मी इकडे आहे," मारिट म्हणाली.

"दिसलात मला. तुम्ही काय, उठाल आपल्या आपण. हे मात्र बर्फ वितळला की थेट शाळेखालच्या तळ्यात जाणार." त्यानं मान वर केली. दाढीत बर्फाचे कण, आणि डोळे त्या तळ्याच्याच रंगाचे. "प्लास्टिक आहे हे! माशांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

"ते प्लास्टिक नाही, जंतू आहेत माझे!"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग तिला सांगावंच लागलं. ती नर्स. एस्टोनियाच्या या दक्षिण कोपऱ्यातल्या चिमुकल्या शाळांमधून फिरायची, दर गुरुवारी या शाळेत. एका मुलाच्या तळव्याला चमकी फासायची आणि सगळ्यांना खेळायला सोडायचं. थोड्या वेळानं बघावं तर चमकी दाराच्या मुठीवर, कोणाच्या नाकावर, कोणाच्या सपातांवर! जंतू असेच फिरतात, हे मग व्याख्यान देऊन सांगावं लागत नाही. पोरं आपणहून नळाकडे पळतात.

"युक्ती झकास आहे," तो म्हणाला. "पण माझ्या तळ्यात नको."

"तुमचं तळं?"

"गुरुवारपुरतं माझं." त्याचं नाव तार्वो. निसर्गकेंद्रातून आला होता. या वसंतात मुलांना जंगल आणि पाणी शिकवायला. तेही दर गुरुवारी.

एरवी मारिट असल्या वादात पडली नसती. तिचं मन इथून उठलंच होतं म्हणा ना. हेलसिंकीच्या एका मोठ्या इस्पितळाचं बोलावणं आलं होतं. समुद्र ओलांडला की पलीकडे. तिच्याबरोबर शिकलेल्या निम्म्या मुली तिकडेच होत्या. एप्रिल संपायच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. हो म्हणायचं जवळजवळ ठरलंही होतं... फक्त बोटानं ते टाइप होत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी तार्वोनं तिच्यापुढे एक डबी ठेवली. आत गडद गुलाबी पूड.

"बीट. शेगडीवर वाळवून कुटलंय. थोडं तेल घालून हाताला लावा. तळ्यात गेलं तर मासे फार तर जेवतील."

"आणि डाग पडले म्हणजे?"

"म्हणजे तुमचे जंतू जास्त खरे वाटतील."

ती हसली. तो हसला नाही, पण त्याचे कान बिटासारखे झाले.

मग गुरुवार कसे गेले कळलंच नाही. तो मुलांना बर्चच्या झाडाखाली नेऊन खोडातून ठिबकणारा गोडसर रस प्यायला द्यायचा, ती मागून ओरडायची, "आधी हात!" तो मुलांना सांगायचा, "साबण लावताना नळ बंद!" ती म्हणायची, "घाई नको, नखंही घासा!" पोरांना आपली मजा. राय नावाच्या धान्याची काळी भाकरी आणि मटारचं सूप खाताना दोघं शेजारी बसायची, आणि स्वयंपाकीणबाई काही न विचारता दोघांना एकाच ताटलीत लोणी द्यायची. केव्हातरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. कोणी केलं, दोघांनाही आठवत नव्हतं.

एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी, वर्गामागच्या छोट्या खोलीत हाताला बीट चोळता चोळता मारिटनं सांगून टाकलं. "उद्या हेलसिंकीला कळवायचंय."

तार्वो बराच वेळ डबीचं झाकण लावत बसला.

"चांगलं इस्पितळ आहे म्हणतात," तो शेवटी म्हणाला.

"एवढंच?"

"मोठं आहे."

"तार्वो, तुला मी इमारतीबद्दल विचारलं का रे? काहीतरी बोल ना!" आणि चिडून, का कशानं कोण जाणे, तिनं त्याच्या गालाला हात लावला. दाढीखाली गाल गरम होता. त्यानं डोळे मिटले... आणि तेवढ्यात घंटा झाली.

वर्गात पाऊल टाकायचा अवकाश, पहिल्या बाकावरची हेले ओरडली, "सर, तुमच्या गालावर जंतू!"

"पाच बोटांचे!" मागून कोणीतरी.

माग काढायचा नियम मारिटनंच घातला होता. जंतू कुठून आला ते शोधायचं, आणि ज्याला विचारलं त्यानं खोटं बोलायचं नाही. सगळ्या माना तिच्या लालभडक तळव्यांकडे वळल्या.

"नर्सबाई, तुम्ही लावलात हात?" हेलेनं वकिलासारखं विचारलं.

"हो, मी लावला."

"कशाला?"

नियम म्हणजे नियम. "सर बोलत नव्हते म्हणून."

"मग बोलले?"

"अजून नाही."

वर्ग गंभीर झाला. "आमचे बाबाही असेच," एक मुलगा समजुतीनं म्हणाला. "आई म्हणते, त्यांना एकट्यात गाठावं लागतं."

"मग गाठा!" हेलेनं निकाल दिला. "सर, हात धुवून या. गालसुद्धा. नर्सबाई, तुम्हीपण."

बाहेर व्हरांड्यात पहिलीच्या पोरांसाठी बसवलेलं बेसिन होतं, गुडघ्याएवढं. दोघं मोठी माणसं त्यापुढे उकिडवी बसली. खांद्याला खांदा, एका धारेखाली चार हात. पाणी गुलाबी होऊन वाहत होतं. साबण तिच्या हातातून त्याच्या हातात गेला, तिथून परत आला. नळ मात्र चालूच होता, आणि नवल म्हणजे तार्वोला त्याचं भानच नव्हतं.

"मी तुला अडवलं," तो हातांकडे बघत म्हणाला, "आणि पुढे तुला पस्तावा झाला, तर? या भीतीनं बोललो नाही."

"मी काय पोर आहे, तू अडवल्यावर अडायला? मला जायचं असेल तर जाईनच. मला फक्त कळायला हवं, इथं माझं कोण आहे ते."

त्यानं साबण बाजूला ठेवला. धार वाहत राहिली. मग अगदी खालच्या आवाजात, "तू राहिलीस तर मला बरं वाटेल, मारिट. फार बरं वाटेल."

त्या मुलखातला पुरुष एवढं बोलला म्हणजे त्यानं छपरावर चढून दवंडी पिटली म्हणायची. मारिटच्या छातीत काहीतरी मऊ मऊ वितळत गेलं. हेलसिंकीला काय कळवायचं ते आता तिला ठाऊक होतं. उद्यापर्यंत थांबायचीही गरज नव्हती. शब्द न् शब्द तिला स्वच्छ ऐकू आला होता. पण इतके गुरुवार वाट बघितल्यावर एकदाच ऐकून कोणाचं भागतं?

"नळ बंद कर," ती म्हणाली, "आणि पुन्हा म्हण."

त्यानं नळ बंद केला. आणि पुन्हा म्हणाला. या वेळी इतक्या मोठ्यानं, की दाराआड कान लावून बसलेल्या अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.