स्मारकावरचं दुसरं नाव

इंद्राणीनं भाताचं ताट चुलीपुढे ठेवलं, त्यावर फणसाची भाजी वाढली आणि म्हणाली, "आजपासून माळ्यावर जेवण मी नेणार नाही, अक्का. न्यायचं असेल तर तुम्ही न्या."

रन्मेनिके नारळ खवत बसली होती. तिचा हात थांबला नाही. त्या घरात इतकं काही थांबून गेलं होतं, की निदान नारळ तरी पुरता खवला जावा असं तिला वाटलं असावं...

माळ्यावर, भाताच्या कणग्यांच्या आड, तिचा धाकटा भाऊ विजेपाल होता. मधला गुणतिस्स, म्हणजे इंद्राणीचा नवरा, देशातल्या यादवीतल्या उत्तरेच्या आघाडीवरून बंद पेटीत घरी आला होता. पेटी उघडायची नाही, असा हुकूम होता. विजेपालही सैन्यातच, भावाच्या मातीला रजा घेऊन आला, रजा संपली, आणि तो गेलाच नाही. त्याला आता सात-आठ महिने होत आले होते.

ही दोन्ही पोरं रन्मेनिकेनंच वाढवलेली. आई गेली तेव्हा विजे अंगावर पीत होता. पुढे तिला दोन स्थळं सांगून आली. दोन्ही वेळा पाहुण्यांना चहा आणि किथुल माडाचा गूळ देऊन, पान पुढे करून तिनं मानानं परत पाठवलं. तिसरं कुणी आलं नाही. कुंबुकवेव गावात तिला थोरामोठ्यांपासून सगळे 'अक्का'च म्हणत. आई होण्याचं भाग्य नाही, पण आईपणाचं ओझं मात्र तिच्या वाट्याला काठोकाठ आलेलं!

"तुला माहीत आहे, तो का राहिलाय ते," रन्मेनिके खाली बघत म्हणाली.

"मला हेही माहीत आहे, की हे का गेले," इंद्राणी म्हणाली. आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं, असं वाटण्याइतका तो सपाट होता. "शेवटच्या फोनवर काय म्हणाले होते ते? 'चौकीवर चौघं होतो, दोघं रजेवर गेले ते घरीच बसले. आता डोळा लागला तर उठवायला कुणी नाही.' असल्यांना तुरुंगात घाला, असं मी तेव्हा म्हणत होते ना? मग आता आपलाच माणूस माळ्यावर आहे म्हणून माझं मत कसं फिरवू, ते सांगा."

रन्मेनिकेनं नारळ बाजूला ठेवला. ताट घेऊन ती शिडी चढली.

एक गोष्ट तिनं इंद्राणीला कधी बोलून दाखवली नव्हती. विजेची पिशवी भरलेली होती. पहाटेच्या बसला तो निघालाही होता. तिनंच दारात त्याची बाही धरली... "एक दिला मी. दुसरा देणार नाही." आणि आयुष्यभर जसं ऐकलं तसं त्या पोरानं त्या दिवशीही ऐकलं.

गावात या विषयावर मतांचा सुकाळ होता. बसचा कंडक्टर म्हणे, पळणाऱ्याला तुरुंगच हवा, नाहीतर उद्या सगळेच घरी येऊन भात लावतील. दुकानदाराचं म्हणणं, सगळ्यांना आत घातलं तर सैन्यापेक्षा तुरुंगात शिपाई जास्त होतील. विहारातल्या भन्तेंना विचारलं तर ते म्हणाले, दोन्हीकडे दुःखच आहे, आणि मग विहाराच्या गळक्या छपराचा विषय काढला. पोलीसही एकदा घरी येऊन गेला. रन्मेनिके म्हणाली, गेला तो परत. पोलिसानं चहा घेतला, माळ्याकडे पाहिलं नाही, आणि पुढच्या घरी गेला. त्याला अशी बरीच घरं होती.

मत नव्हतं ते फक्त शेजारच्या डिंगिरीअम्माला. तिचा एकुलता एक रोहण गुणतिस्सच्याच पलटणीत. ती अधूनमधून गोटुकोळ्याच्या पाल्याची जुडी घेऊन येई, ओसरीवर बसे. एकदा पाला निवडता निवडता सहज म्हणाली, "रोहण म्हणतो, आता चौकीवर दोघंच असतात." एवढंच. पुढे काही नाही. म्हातारीला काही ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. पण रन्मेनिकेच्या मनात तेच घोळत राहिलं. आपण दारात धरून ठेवलेली ती एक बाही... तिची जागा तिकडे कुणाच्या पोटच्या गोळ्यानं भरली होती?

विजेपालची अवस्था तर पाहवत नव्हती. अंगणात सायकल वाजली की तो कणग्यांमागे सरके. जेवताना फारसं बोलत नसे. तिशीतला पुरुष, पण हालचाली पिंजऱ्यातल्या जनावराच्या. एकदा त्यानं विचारलं, "अक्का, हे किती दिवस चालायचं?" ती म्हणाली, "लढाई संपेपर्यंत." आणि लढाई तर तिच्या लग्नाच्या वयापासून चालू होती.

अशात मयताच्या घरी मदतीला धावणाऱ्या गावच्या मरणाधार मंडळीनं गुणतिस्सच्या नावानं बसथांबा बांधायला घेतला. आमच्याकडे ही रीतच पडली आहे. रस्तोरस्ती असे थांबे दिसतात, वर छप्पर, आत सिमेंटचा बाक, भिंतीवर नाव. उन्हापावसात उभं राहायला जागा मिळते ती गेलेल्या पोरांची. मंडळीचे चिटणीस हेरत गुरुजी. उद्घाटनाच्या आदल्या रात्री घरी पिरितपठण, म्हणजे भन्तेंकडून सूत्रांचं पठण, ठेवायचं, म्हणून ते नावं विचारायला आले. पिरिताच्या वेळी गेलेल्याला पुण्य आणि राहिलेल्याला रक्षण, दोन्ही एकदमच मागतात. रन्मेनिकेनं दोघांचीही नावं घराण्याच्या नावासकट, जन्मसालासकट सांगितली. विजेचं नाव घेताना तिचे डोळे भरून आले. गुरुजींनी कितीतरी महिने त्याला पाहिलं नव्हतं. विचारलं की 'गेला तो' एवढंच उत्तर मिळे. आज ते डोळे पाहून त्यांना वाटलं, उलगडा झाला. बहिणीच्या तोंडून असली गोष्ट दुसऱ्यांदा वदवून घ्यायची नसते, एवढी माणुसकी त्यांच्याकडे होती. तीच नडली.

उद्घाटनाला सगळा गाव लोटला. शाळेतली मुलं झेंडे घेऊन ओळीत उभी होती; नारळाच्या झावळ्यांची कमान होती, झाडावर बांधलेला कर्णा पार तळ्यापलीकडे ऐकू जात होता. जवळच्या छावणीतले मेजर पाहुणे. त्यांनी पांढरं कापड ओढलं.

भिंतीवर सोनेरी अक्षरांत दोन नावं होती.

जमावातून एकच सुस्कारा निघाला. गुरुजींनी माईकवर दोन्ही नावं वाचली. डिंगिरीअम्मा गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं रन्मेनिकेला मिठी मारली. "दोन्ही गं..." ती हुंदके देत होती. "आणि तू एकटीनं सोसलंस. माझ्यासमोर बसून पाला निवडत राहिलीस, पण बोलली नाहीस."

रन्मेनिकेला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, की गुरुजींनी विजेलाही मेलेल्यांत धरलं होतं. इंद्राणीनं तिचं मनगट घट्ट पकडलं होतं.

"गप्प राहा, अक्का," ती कानाशी कुजबुजली. इतके महिने तुरुंग तुरुंग म्हणणारी इंद्राणी! "मेला म्हणतात ना, मेलेलाच राहू दे. मेलेल्याला कुणी धरून नेत नाही."

खरंच, किती सोपं होतं... काही करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं. पोलीस पुन्हा आला नसता. पण विजे कायमचा त्या कणग्यांमागेच राहिला असता, नाव नसलेला, ऊन न पाहिलेला. भन्तेंनी पुण्यदानाचं पठण सुरू केलं. सकाळीच जो फणसाची भाजी खाऊन 'मीठ कमी आहे' म्हणाला, त्याला सबंध गाव हात जोडून मृताचं पुण्य देत होतं! आणि जिचा मुलगा खरोखरच त्या चौकीवर उभा होता, ती म्हातारी या खोट्या मरणापायी खरे अश्रू ढाळत होती. ती आसवं रन्मेनिकेच्या पांढऱ्या साडीतून खांद्याला लागत होती. ती तिला सोसवेनात.

तिनं मनगट सोडवून घेतलं. गर्दीला वाटलं, बहीण दोन शब्द बोलणार. गुरुजींनी आदरानं माईक पुढे केला.

"वरचं नाव बरोबर आहे," ती म्हणाली. "खालचा जिवंत आहे. माझ्या घरी माळ्यावर आहे. न्या त्याला."

गुरुजींनी गडबडीत माईकची वायरच उपटली. त्यामुळे पुढचं जे काही ती बोलली ते फक्त मेजरनी ऐकलं, आणि मागोमाग धावत आलेल्या इंद्राणीनं.

"तो पळाला नाही, साहेब. निघाला होता. मी दारात धरला त्याला. तुरुंगात घालायचं तर आधी मला घाला."

मेजर अवघडून म्हणाले, "लपवणाऱ्यालाही कलम आहे, अम्मा. पण ते लावायला लागलो तर गावं ओस पडतील."

"मग त्याला तरी तुरुंगातच ठेवा. परत तिकडे पाठवू नका. तुरुंगाला सुटायची तारीख असते."

रोहण तिकडे चौकीवर उभा असताना हे मागणं डिंगिरीअम्मावर अन्यायाचं होतं, हे तिला समजत होतं. पण माणसाजवळ न्याय असून असून किती असणार. तिच्याजवळ होता तेवढा ती माईकवर देऊन बसली होती.

कर्णा तळ्यापलीकडे ऐकू जात होता, तर घरी ऐकू जाणारच. ती जीपच्या पुढे धावत घरी पोचली तेव्हा विजेपाल खाली उतरला होता. भर उन्हात, विहिरीवर, उघड्यावर आंघोळ करून तो अंगणात उभा होता. त्यानं आपलं मरण ऐकलं होतं, गावाचं रडणं ऐकलं होतं, आणि मग आपल्या बहिणीचा आवाज.

"मेलो होतो तेच बरं होतं, अक्का," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता जीपमध्ये जाऊन बसला.

चौकशी झाली. एक वर्षाची शिक्षा लागली. गावानं पुन्हा आपापली मतं मांडली. भिंतीवरचं खालचं नाव रंगाऱ्यानं पुसलं. नाव पुसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी डिंगिरीअम्मा नेहमीसारखी येऊन ओसरीवर बसली आणि उठताना म्हणाली, "फुकट रडवलंस मला. पण खोटं ठेवलं नाहीस."

तुरुंगातून निरोप आला की वहिनीला भेटेन, अक्काला नाही. रन्मेनिकेनं निरोप ऐकला आणि भाताचा डबा बांधायला घेतला. दर भेटीला दोघी जात. इंद्राणी आत जाई. रन्मेनिके बाहेर झाडाखाली बसून राही, आणि परतताना 'खंगलाय का?' एवढंच विचारी. असे पाच-सहा महिने गेले.

इंद्राणीला आता तुरुंगाविषयीचं मत कुणी विचारलं, तर ती म्हणे, आधी भाताला मीठ घालायला सांगा त्यांना, मग बोलू. एका भेटीला मात्र ती जाळीपुढे बसली आणि त्यानं डब्याचं विचारायच्या आधीच म्हणाली, "तू अर्धंच ऐकलंस, विजे. गुरुजींनी वायर उपटली."

मग तिनं त्याला उरलेलं सांगितलं. अक्कानं मेजरसमोर दारातल्या बाहीची कबुली दिल्याचं, आधी मला घाला म्हटल्याचं, सुटायच्या तारखेचं. शेवटी म्हणाली, "आणि मी त्यांना गप्प बसवत होते. माझं ऐकलं असतं तर तू आज सुरक्षित असतास. आणि मी जन्मभर एका मेलेल्याला जेवायला वाढत राहिले असते."

 विजेपाल म्हणाला, "अक्काला बोलाव."

रन्मेनिके आत आली. मध्ये लोखंडी जाळी.  तो उठला, आणि आपल्या बाजूच्या फरशीवर गुडघे टेकून, हात जोडून, कपाळ जाळीला लावून वाकला. घरातून लांबच्या प्रवासाला निघताना धाकटा थोरल्यापुढे वाकतो तसा. जीपमध्ये बसताना राहून गेलं होतं ते.

"उठ," पहारेकरी म्हणाला. "इथं हे चालत नाही."

"राहू द्या हो थोडं," इंद्राणी म्हणाली. "थोरल्याचा हात डोक्यावर पडल्याशिवाय आमच्यात उठत नाहीत."

पहारेकऱ्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. रन्मेनिके जाळीपाशी खाली बसली. हात जाण्याएवढी भोकं नव्हती. तिनं दोन बोटं आत घातली. त्याचे केस बारीक कापलेले होते. ती बोटं तिनं तिथंच ठेवली.