‘नाही’ गेलेली पाटी

माझं दुकान चौकटींचं. लग्नाचे फोटो, शाळेची प्रमाणपत्रं, आजीने विणलेला एखादा रुमाल... सुपीरियर सरोवराच्या आमच्या किनाऱ्यावर लोकांना भिंतीवर जे जे लावावंसं वाटतं, ते आधी माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे मार्चच्या सुरुवातीला ऑने केस्कितालो जुन्या गोधडीत गुंडाळलेली एक लोखंडी पाटी घेऊन आल्या, तेव्हा मला काही वेगळं वाटलं नाही. त्या आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. त्यांच्या हातचं मटाराचं सूप आणि पॅनकेक खाऊन आमची अख्खी पिढी वाढली.

“शेगडी पेटव की रे वेस,” आल्या आल्या त्या म्हणाल्या. “बापासारखाच चिक्कू निघालास.”

त्यांनी गोधडी उलगडली. पांढऱ्या एनॅमलवर काळी अक्षरं असलेली ती पाटी मी लहानपणी कितीदा पाहिली होती. हिवाळ्यात सरोवर गोठलं की त्यावरून बेटावर जाणारा बर्फाचा रस्ता जिथून सुरू व्हायचा, तिथल्या खांबावर ती असायची. ‘बर्फ सुरक्षित नाही’. बर्फ पातळ व्हायला लागला की लावायची आणि हिवाळ्यात पुन्हा काढून ठेवायची. पुढे बेटावरची घरं ओस पडली, रस्ता बंद झाला, खांबही आडवा झाला. शरद ऋतूत किनाऱ्याची साफसफाई करताना ती वाळूत सापडली होती. कडांचे पोपडे निघाले होते, आणि जिथे ‘नाही’ हा शब्द होता तिथे गंजाने तळहाताएवढं भोक पाडलं होतं.

मी म्हटलं, गावात एनॅमलचं काम करणारा एकजण आहे, तो मागून पत्रा लावून शब्द पुन्हा रंगवून देईल, कळणारही नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय तिथेच सोडला.

त्यांचा नवरा रेइनो, मी शाळेत असताना, अशाच एका मार्चमध्ये बेटावरच्या झोपडीतून जाळी आणायला म्हणून एकटा पिकअप घेऊन बर्फावर गेला. ना गाडी मिळाली, ना तो. गाव हळहळलं, पण पाठीमागे म्हणायचंच, की पाटी डोळ्यांसमोर असताना गेला, मूर्खच माणूस. हे ऑनेबाईंनी वर्षानुवर्षं ऐकून घेतलं होतं.

“तेव्हाच शब्द गेला होता,” त्या भोकाभोवती बोट फिरवत म्हणाल्या. “त्याने जे वाचलं, त्यावर विश्वास ठेवला. मला ते रोज जेवताना समोर दिसायला हवंय. तू काही भरू नकोस.”

भोकाच्या कडा मी पाहिल्या होत्या. गंज तेव्हाचा की नंतरचा, ते कुणालाच सांगता आलं नसतं. मी मान डोलावली.

काम तसं सोपं होतं. सुटे पोपडे जागच्या जागी बसवायचे, गंजावर मेणाचा हात द्यायचा, काळ्या कापडाच्या पाठीवर पाटी अलगद अडकवायची आणि पेटीसारख्या खोल चौकटीत ठेवून वर काच लावायची. पण पाटी ऊब धरत नव्हती. शेगडीजवळ ठेवूनही हात लावला की बोटं आखडायची. सकाळी दुकान उघडलं की टेबलावर तिच्याखाली पाणी साचलेलं असायचं, आणि त्याला खोल पाण्याचा वास यायचा... माती, शेवाळ, आणि आणखी काहीतरी, जे मला ओळखायचं नव्हतं. काच बसवली त्या दिवशी ती आतून धूसर झाली. आतल्या दमटपणामुळे होतं असं. मी चौकट उघडली, सगळं सुकवलं, पुन्हा बंद केली. माझ्या डोळ्यांदेखत ती धूसर झाली, पण सगळीकडे नाही. फक्त त्या भोकासमोर, गोलसर वाफ... विरायची, पुन्हा यायची. माणूस काचेला तोंड लावून श्वास सोडतो तशी.

ती दुकानात नको म्हणून त्याच दुपारी मी चौकट गाडीत घातली.

ऑनेबाईंचं घर अगदी किनाऱ्यावर, जुन्या बर्फरस्त्याच्या तोंडाशी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरोवर दिसतं. किनाऱ्यालगतचा बर्फ अजून धरून होता, पण करडा पडला होता, आणि त्याच्यापलीकडे बेटापर्यंत नुसतं काळं, उघडं पाणी. त्यांनी कॉफी ठेवली, वेलचीची पावरोटी कापली. मी खिडकीसमोरच्या भिंतीत खुंट्या ठोकल्या आणि चौकट टांगली. उजेड उतरत चालला होता. बर्फ मधूनच घुमत होता, तळघरात कुणी जड पिंप लोटावं तसा.

ऑनेबाई पाटीसमोर उभ्या राहिल्या आणि हळूच, पोरांना शिकवल्यासारखं, मोठ्याने वाचलं.

“बर्फ सुरक्षित.”

घुमणं थांबलं. सगळंच थांबलं. मी खिडकीकडे पाहिलं, आणि दूर दोन दिवे दिसले. पिवळट, जवळजवळ, जुन्या पिकअपचे असतात तसे. ते बर्फाच्या पलीकडे होते, जिथे फक्त पाणी होतं, आणि सरळ घराकडे येत होते.

ऑनेबाईंनी कोट अंगात घातला. गडबड नव्हती की रडणं नव्हतं. इतकी वर्षं जेवण झाकून ठेवलेल्या बाईसारख्या त्या दाराकडे निघाल्या. मी वाटेत आडवा आलो. म्हटलं, बर्फ तुमचंही वजन पेलणार नाही.

“लिहिलंय ना तिथे,” त्या म्हणाल्या. “सरक, वेस.”

त्यांचा हात माझ्या हातात होता. तो पाटीइतकाच थंड लागला. दिवे आता बर्फावर चढले होते आणि इंजिनाची घरघर स्पष्ट येत होती. काचेवरचं धुकं भराभर येत-जात होतं, जणू कुणी धावत होतं. मला दुसरं काही सुचलं नाही. एका हाताने त्यांना धरून दुसऱ्याने खिशातली काचेवर खुणा करायची पेन्सिल काढली आणि दाराशेजारच्या त्या चौकटीच्या काचेवर, भोकासमोर, ठळक अक्षरांत लिहिलं, ‘नाही’.

इंजिन बंद पडलं. दिवे होते तिथेच थांबले, घरापासून हाकेच्या अंतरावर.

“काय केलंस हे...” ऑनेबाई काचेकडे बघत म्हणाल्या. “दारात आला होता रे तो.”

बाहेर गाडीचं दार लागलं. थंडीत आवाज दूरवर जातो, तसा तो अगदी कानाशी आला. त्यांचा चेहरा उजळला. माझा हात झिडकारून त्यांनी दाराच्या मुठीला हात घातला.

मग पुन्हा एकदा दार लागलं. थोडं थांबून, पुन्हा. आणि पुन्हा...

“मिसेस केस्कितालो,” मी कुजबुजलो, “एकट्या माणसाला दार कितीदा लावावं लागतं?”

त्या मुठीवर हात ठेवून ऐकत राहिल्या. दारं लागतच होती. एका पिकअपमध्ये मावतील त्याहून कितीतरी जास्त. दिवे विझले. मग बर्फावरून पावलांची करकर यायला लागली, सगळी एका वेळी.

ऑनेबाईंनी मूठ सोडली. खाली वाकून स्वतःच्या हाताने कडी घातली आणि घरातला दिवा मालवला.

उजाडेपर्यंत आम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवर भिंतीला टेकून बसलो. पावलं घराभोवती आली आणि थांबली. कुणी दार वाजवलं नाही, कुणी हाक मारली नाही. एकदाच ऑनेबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “यांच्यात असेल तो...” आणि थोड्या वेळाने, “असला तरी नको.” तेवढं बोलणं त्यांना किती जड गेलं असेल, ते मी आजही विचारत नाही. पाटी त्यांनी काढली नाही. तो शब्दही मला पुसू दिला नाही.

सकाळी आम्ही दोघं बाहेर आलो. उघड्या पाण्याच्या काठापासून चाकांच्या खुणा निघाल्या होत्या आणि बर्फावर मध्येच संपल्या होत्या. गाडी नव्हती. तिथून पावलांचे ठसे फुटले होते. बुटांचे, अनवाणी, काही फार लहान. ते खिडकीखाली येऊन गोळा झाले होते. बर्फ तुडवून तिथे घट्ट झाला होता.

परतीचे ठसे मी शोधले. एकही सरोवराकडे गेला नव्हता. सगळे मिळून घराला वळसा घालून वर रस्त्याकडे निघाले होते, गावाच्या दिशेने.

रस्त्यावर पहाटेच बर्फ वितळवायला मीठ टाकणारी गाडी फिरून गेली होती. डांबर ओलं, काळं आणि स्वच्छ होतं. तिथून पुढे ते कुणाच्या घरी गेले, ते कळायला काही मार्ग नव्हता.