मास्तरांचा नकार

"वहिनी, विषप्रयोग आहे," पाहुण्याला खुर्ची देण्याआधीच भावोजींनी निकाल लावून टाकला.

वहिनी खासगी गुप्तहेर होत्या. भावोजी त्यांचे धाकटे दीर. वहिनींची गाडी चालवणं आणि पहिल्या पाच मिनिटांत भलताच गुन्हेगार पकडणं, ही दोन्ही कामं ते मन लावून करत.

पाहुणा शिंपी होता. "विष कसलं हो? ताई, मी मास्तरांचा पालक. रक्ताचं नातं नाही. ज्यांना आपले निर्णय घेता येत नाहीत, त्यांच्यासाठी कोर्ट स्वयंसेवक नेमतं, तसा मी. अर्धांगाच्या झटक्यानं मास्तरांची वाचा गेली, एक हातही लुळा पडला. वृद्धाश्रमात असतात. आठवडा झाला, घास थुंकून टाकतात. रक्त, पोट, सगळं तपासलं, सगळं ठीक. लोक म्हणतात, त्यांना आता जगायचंच नाही. आज संध्याकाळी नाकातून नळी घालणार. ती ओढू नये म्हणून हात बांधणार. सही माझी लागते. ते खरंच नको म्हणतायत का, एवढं मला कळायला हवं."

वहिनी लगेच उठल्या.

वृद्धाश्रमातल्या खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर मास्तर, रुंद जबड्याचे, भिंतीकडे तोंड करून पडलेले. दुसरीवर मूठभर चेहऱ्याचे पोस्टमन आजोबा. खिडकीत दोन सारख्या वाट्या उपड्या घातल्या होत्या.

दारातच पुतण्या भेटला. "काका पहिल्यापासून हट्टी. परवा मायेनं गालावरून हात फिरवला, तर माझा हात झटकला. पालक म्हणून मी चाललो नाही ना कोर्टाला!"

"हाच," भावोजी कुजबुजले.

सेविका नवीन होती, पण चटपटीत. "पहाटे चहा पितात बिनतक्रार. नाश्त्यापासून नाटकं सुरू. माझ्या कामात खोट नाही हं, बाई. आधीची बाई एकेकाच्या वस्तू वेगळ्या धूत बसायची. मी सगळं एकाच तसराळ्यात घालते. अर्ध्या वेळात काम उरकतं."

"मग ही," भावोजींनी मत बदललं.

पोस्टमन आजोबा तोंडावर हात धरून बोलत होते. मधूनच खटखट आवाज येई. "मास्तर मला आवडतात हो. मीही हल्ली बिस्किट बुडवूनच खातो. वय झालं, दुसरं काय!"

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

"आठवडाभर असेल."

वहिनी हसल्या. "भावोजी, गुन्हेगार कोणी नाही. शिंपीदादा, सही राहू द्या."

सगळे खाटेभोवती जमले.

"विष असतं किंवा जगणं नको असतं, तर मास्तरांनी पहाटेचा चहाही टाकला असता. तो पितात, कारण तेव्हा तोंडात कवळी नसते. नाश्त्याला ती बसवतात आणि दुखणं सुरू होतं. पुतण्यानं हात लावला तो नेमका दुखऱ्या गालाला. इकडे आजोबांच्या तोंडात काहीतरी सैल खटखटतंय. रुंद जबड्यात लहान कवळी, लहान तोंडात मोठी. दोन्ही एकाच तसराळ्यात धुतल्या आणि त्या सारख्या वाट्यांत परत ठेवताना अदलाबदल झाली. मास्तरांना सांगता येत नव्हतं. आजोबांना सांगता येत होतं, पण त्यांनी वयावर ढकललं."

सेविकेचा चेहरा पडला. तिनं हलक्या हातानं मास्तरांची कवळी काढली. हिरड्या लालभडक झाल्या होत्या.

"आज मऊच द्या. हिरड्या बऱ्या झाल्या की ज्याची कवळी त्याला," वहिनी म्हणाल्या.

शिंपी खाटेच्या कडेवर बसला. "रोज शेजारी बसत होतो, ताई. मीसुद्धा मनात म्हणालो होतो, आता सोडावं यांना."

सेविकेनं दुधात कुस्करलेला पाव आणला. शिंप्यानं पहिला चमचा पुढे केला. मास्तरांनी घास तोंडात घोळवला आणि गिळला. दुसरा चमचा यायला उशीर झाला, तसं त्यांनी चालत्या हातानं शिंप्याचं मनगट धरलं आणि आपल्या तोंडाकडे ओढलं.